वातचलित शिल्प
वाऱ्याच्या दाबाने ज्याचा निदान एक भाग फिरतो, झुलतो किंवा कलतो असे, बहुधा उघड्यावर उभारलेले शिल्प. हा गतिशिल्पाचा उपप्रकार होय. विजेवर चालणारी वा हाताने फिरवायची गतिशिल्पे यात येत नाहीत. टांगत्या प्रकाराचे ‘मोबाइल’ हे नाव मराठीत दूरध्वनीने बळकावल्यामुळे येथे टाळले आहे.

प्रारंभाविषयी मतभेद आहेत. फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँचे स्टुलावर उलटे बसवलेले सायकलचे चाक (१९१३) काहीजण आद्य मानतात, तर काही रशियन शिल्पकार नाउम गाबोची मोटरने थरथरणारी उभी पोलादी कांब (१९१९-२०). पण यांपैकी एकातही वाऱ्याचा संबंध नाही. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डरच्या (१८९८–१९७६) कृतीही १९३१ मध्ये मोटर वा हँडलने चालत आणि ‘मोबाइल’ हे नाव द्यूशाँने दिले ते त्यांनाच. मोटर सोडून कॉल्डर हवेच्या झुळुकीकडे वळला तो साधारण १९३२ पासून. हाच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. अथेन्सच्या वातमनोऱ्यावरील ट्रायटन या ग्रीक सागरदेवाची मूर्ती (इ. स. पू. दुसरे किंवा पहिले शतक) वाऱ्यावर फिरत असे; तथापि तिचे काम दिशा दाखवण्याचे. अर्थात शिल्प आणि उपयोगी साधन यांतली ही सीमारेषा वाटते तितकी पक्की नाही.

अमेरिकन शिल्पकार जॉर्ज रिकीच्या (१९०७–२००२) लांब पात्यांचे तत्त्व वाण्याच्या तागडीचे आहे. पात्याच्या आखूड टोकाला वजन भरून गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित खाली आणतात. तो टेकूला जितका जवळ, तितका झोका संथ. टेकूच्या वर गेला की पाते उलटते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला ४ मी. वेगाच्या झुळुकीचा दाब चौरस मीटरला जेमतेम १ किग्रॅ. भरतो, तर बांधकामांवरील वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक ८७५ (भाग ३) मुंबईसाठी धरते त्या सेकंदाला ४४ मी. मूळ वेगाला तो सुमारे ११८ किग्रॅ. होतो. शिल्पाने पहिल्याला हलायचे आणि दुसऱ्याला टिकायचे, ही खरी अडचण.

भारतात कॉल्डरने १९५५ मध्ये साराभाई या उद्योजक कुटुंबाच्या निमंत्रणावरून अहमदाबादेत काम केले. चंडीगढचा ‘उघडा हात’ हे ल कॉर्ब्युझिएने योजलेले धातूचे स्मारकशिल्प (१९८५, उंची २६ मी.) वाऱ्यावर फिरते.

नवी मुंबईत पाम बीच मार्गासारख्या खाडीकाठच्या जागा या प्रकाराला अनुकूल: दिवसा खारे वारे, रात्री मतलई. मात्र हीच खारी हवा बेअरिंग खाते. आधी तपकिरी ओघळ दिसतो, मग करकर ऐकू येते. म्हणून साध्या ३०४ ऐवजी २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे लागते. शहरातील भंगारातून घडवलेली रोहित पक्ष्यांची शिल्पे स्थिर प्रकारची आहेत. दिवाळे, सारसोळे येथील कोळ्यांच्या होड्यांवरचे बावटे वाऱ्याची दिशा दाखवतात, म्हणजे ट्रायटनच्याच पंगतीला बसतात. त्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.