नाव सांगताना शब्द अडतो तेव्हा

नवे शिक्षक एकेकाला नाव विचारत बाकांवरून पुढे सरकतात, तशी तोतरं बोलणाऱ्या मुलाची धडधड वाढत जाते. 'परवा' अडला तर 'दोन दिवसांनी' म्हणून वेळ मारून नेता येते. स्वतःचं नाव कसं बदलणार? 'प्रसाद' म्हणायला ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात.

तोतरेपणा बहुधा 2 ते 5 या वयात सुरू होतो. बहुतेक मुलांचा तो आपोआप जातो. मोठेपणी साधारण 1 टक्का लोकांत उरतो, त्यात पुरुष जास्त. पंधराव्या वर्षापर्यंत टिकलेला तोतरेपणा समूळ जाणं अवघड असतं, हे पालकांना स्पष्ट सांगायला हवं.

दोष जिभेचा नसतो, त्यामुळे वेखंड चाटवून फरक पडत नाही. बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळवणाऱ्या मेंदूतल्या भागांच्या जोडणीत थोडा फरक आढळतो. अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ डेनिस ड्रेना आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या कुटुंबांचा अभ्यास करून 2010 साली काही रुग्णांत जीएनपीटीएबी आणि आणखी दोन जनुकांतले बदल दाखवले. भीतीने अडखळणं वाढतं, पण मूळ कारण भीती नाही. हाच मुलगा गणपतीच्या आरतीत सगळ्यांबरोबर सहसा अडखळत नाही.

खात्रीचं औषध अजून नाही. वाचा-उपचार मात्र आहेत, आणि किशोरवयात त्यांचा भर लपवाछपवी थांबवण्यावर असावा असं मला ठामपणे वाटतं. शब्द टाळता टाळता मुलं वर्गात हात वर करणं, फोन घेणं, मैत्री करणंही टाळू लागतात. अमेरिकेतले वाचा-उपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या पद्धतीत अडलेला शब्द सोडून पळायचं नसतं. ओठ कुठे घट्ट झालेत ते ओळखायचं, ताण हळूहळू सैल करायचा आणि आवाज लांबवत तोच शब्द पूर्ण करायचा. कधी मुद्दाम अडखळूनही बघायचं. त्याने धास्ती कमी होते. मनात भीती खोल रुजली असेल तर समुपदेशनाची जोड लागते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-उपचारांची सोय आहे.

घरच्यांनी 'सावकाश बोल, श्वास घे' हे पालुपद सोडावं. त्याचं वाक्य आपण पुरं करू नये, थांबावं. आणि तोंडी परीक्षेच्या आधी, जमल्यास मुलानेच, वर्गशिक्षकांना सांगून ठेवावं: मला उत्तर येतं, बोलायला थोडा वेळ लागतो.