यीस्ट: फेसापासून पेशीपर्यंत

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी, ही व्याख्या अजून दोनशे वर्षांचीही झालेली नाही. शब्द मात्र फार जुना आहे. इंग्रजीतला ‘यीस्ट’ ज्या मुळापासून आला, त्याचा अर्थ उकळणे, फेसाळणे. संस्कृतातला ‘यस्’ हा धातू त्याच कुळातला. आपले ‘आयास’ आणि ‘प्रयास’ त्यातूनच आले. फ्रेंच ‘लव्ह्यूर’ आणि जर्मन ‘हेफ’ या दोन्हींच्या मुळाशी ‘वर उचलणे’ आहे. फेस दिसत होता, फुगणं दिसत होतं, घडवणारा जीव दिसत नव्हता. म्हणून नावं पडली ती क्रियेची. १५१६ च्या बव्हेरियातल्या बिअरविषयक प्रसिद्ध कायद्यात घटक सांगितले आहेत ते सातू, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी. यीस्टचा उल्लेखच नाही.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं होतं. मराठी शालेय विज्ञानात यीस्टसाठी येणारा ‘किण्व’ हा शब्द कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त आहे, आणि तिथे त्याची कृतीही दिली आहे: उडदाचा लगदा, कच्चा किंवा शिजवलेला, त्याहून तिसऱ्या हिश्श्याने अधिक तांदूळ आणि मोरटा वगैरे वनस्पती. म्हणजे किण्व ही मुद्दाम तयार करायची वस्तू होती. तिचं काम इतकं सर्वांच्या परिचयाचं होतं की चार्वाकांच्या मताला तिचाच दाखला जोडला गेला. किण्वादी पदार्थांतून जशी मादकता उपजते, तसंच पंचमहाभूतांपैकी चारांच्या संयोगातून चैतन्य उपजतं, असा तो युक्तिवाद चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त नोंदलेला आहे. मला तर हा यीस्टच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा उल्लेख वाटतो.

लेव्हेनहूक या डच संशोधकाने १६८० मध्ये बिअरमधले गोळे भिंगाखाली पाहिले, पण ते जिवंत आहेत हे त्याला उमगलं नाही. १८३७ च्या सुमारास कान्यार-लातूर, श्वान आणि क्युट्झिंग या तीन संशोधकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सांगितलं, की हे सजीव आहेत, ते वाढतात. श्वानने त्यांना ‘साखरेची बुरशी’ म्हटलं आणि त्याच अर्थाचं ‘सॅकरोमायसिस’ हे शास्त्रीय नाव रूढ झालं. रसायनशास्त्रज्ञांना हे मुळीच पटलं नाही. त्यांच्या मते आंबणं ही निव्वळ रासायनिक क्रिया होती. लीबिग आणि व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या नियतकालिकात १८३९ मध्ये एक निनावी टवाळी छापून आली: यीस्ट हे चिमुकले प्राणी असून ते साखर गिळतात, एका द्वारातून मद्यार्क टाकतात आणि दुसऱ्यातून कार्बनी वायू! पुढे पाश्चरने १८५७ पासूनच्या प्रयोगांनी सजीवांची बाजू भक्कम केली. गंमत अशी, की १८९७ मध्ये बुखनरने यीस्ट चिरडून काढलेल्या, पेशीच नसलेल्या रसानेही साखर आंबवून दाखवली. तेव्हा लीबिगचं रसायनही सर्वस्वी चूक नव्हतं. अशी क्रिया घडवणाऱ्या पदार्थांसाठीचा ‘एंझाइम’ (विकर) हा शब्द त्याआधीच क्यूने या शास्त्रज्ञाने घडवला होता. त्याचा ग्रीक अर्थ ‘खमिरात’.

खमीर हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला. मद्यासाठीचा ‘खम्र’ त्याच धातूचा. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर पाव आला, तेव्हा पोदेरांनी, म्हणजे तिथल्या पाववाल्यांनी, पीठ फुगवायला माडाची सूर (माडी) वापरली. सुरेत यीस्ट आपसूकच वाढतं. त्यामुळे गोव्याच्या पावाला स्वतःची चव आली, आणि सूर मागे पडून कारखान्यातलं यीस्ट आलं तेव्हा ती हरपली, अशी हळहळ जुनी माणसं व्यक्त करतात. ती रास्त आहे.

प्रतिशब्द वापरताना एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. ‘आंबवण’ आणि ‘विरजण’ हे यीस्टचे समानार्थी शब्द नाहीत. दह्याचं विरजण जिवाणूंचं असतं. इडलीचं पीठ फुगतं तेही मुख्यतः ल्यूकोनोस्टॉक या जिवाणूमुळे. यीस्ट त्यात असलं तरी दुय्यम. दवाखान्यात ‘यीस्ट इन्फेक्शन’ म्हणतात ते बहुधा कॅन्डिडाचं. तीही यीस्टच, कारण यीस्ट हे एका जातीचं नाव नसून अशा शेकडो जातींचं आहे. पण पाव फुगवणारी जात वेगळी, आणि पाव खाल्ल्याने हा संसर्ग जडत नाही.