पार्श्वभूमी : एफवायच्या केमिस्ट्रीत काय असतं आणि ते तिथं कसं आलं

‘बारावीला झालेलंच परत शिकवतात’ ही एफवाय बीएस्सीच्या केमिस्ट्रीबद्दलची तक्रार जुनी आहे आणि पुष्कळ अंशी खरीही आहे. क्वांटम नंबर, आवर्तसारणीतले कल, एन्थाल्पी, आयनिक समतोल, इंडक्टिव्ह इफेक्ट, आर-एस नामकरण. यातल्या बहुतेकांची तोंडओळख ज्युनिअर कॉलेजात होऊन गेलेली असते. या पुनरावृत्तीचं मूळ मात्र रसायनशास्त्रात नाही, प्रवेशपद्धतीत आहे.

जुन्या पद्धतीत अकरावीची मॅट्रिक आणि त्यापुढे चार वर्षांची पदवी असे. पहिल्या दोन वर्षांअखेर इंटर सायन्सची परीक्षा, आणि तिथल्या टक्क्यांवर मेडिकल-इंजिनिअरिंग. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा 1975 मध्ये झाली, बारावीची 1977 मध्ये. वर्षांची बेरीज आधीही पंधरा होती, नंतरही पंधराच राहिली. हिशेबानं पाहिलं तर आजचं एफवाय म्हणजे जुनं इंटरचं वर्ष. पण व्यावसायिक शिक्षणाचा दरवाजा बारावीवर आला आणि इंटरचा बराचसा अभ्यास त्याच्यामागून खाली उतरला. 2012 पासून राज्याचा अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षांशी जुळवून घेतला गेला, तेव्हा हेच आणखी एकदा घडलं. एफवायच्या वाट्याला उरली ती उजळणी, थोडी खोलवर.

प्रयोगशाळेत बदल वेगळ्या कारणांनी झाले. सॉल्ट ॲनालिसिसच्या, म्हणजे क्षारातले घटक ओळखण्याच्या प्रयोगातल्या, दुसऱ्या गटासाठी किप्स ॲपरेटस या वायू तयार करण्याच्या काचेच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड सोडायचा, शिशाचा काळा आणि कॅडमियमचा पिवळा साका बघायचा, आणि तो वास अंगावर घेऊन घरी जायचं, हे एका पिढीचं शिक्षण होतं. त्या वायूच्या विषारीपणाची चर्चा वाढली, हरित रसायनाचा आग्रह आला, तसा त्याचा वापर कमी होत गेला. काही ठिकाणी प्रयोगच गेला, काही ठिकाणी अगदी थोड्या रसायनात भागवणारी सेमी-मायक्रो पद्धत आली. टायट्रेशनला मात्र कुणी हात लावला नाही. ऑक्झॅलिक ॲसिड गरम करा, ब्युरेटमधून परमँगनेट सोडा, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबा, तीन रीडिंग घ्या आणि जर्नलमध्ये सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे स्थिर आलेलं रीडिंग) लिहा. वार्षिक पद्धत जाऊन सेमिस्टर आलं, 2015 नंतर क्रेडिटची, म्हणजे तासांवरून ठरणाऱ्या भाराची, भाषा आली, तरी हे पान तसंच आहे.

सध्याच्या वादाचा विषय वेगळा आहे : पहिल्या वर्षी केमिस्ट्री किती घ्यायची आणि कशाच्या सोबतीनं.

पुण्याकडे बरीच वर्षं एफवायला चार विषय, एसवायला तीन आणि टीवायला एक असा उतरता क्रम होता. पीसीएम-इलेक्ट्रॉनिक्सवाला किंवा बॉटनी-झूलॉजीवाला विद्यार्थी केमिस्ट्री वर्षभर चाखून बघायचा आणि मग ठरवायचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं 2020 मध्ये. एप्रिल 2023 मध्ये राज्याचा त्यावरचा शासन निर्णय निघाला आणि त्यातल्या साच्यात मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, पहिल्या सत्रापासूनच होता. सत्राला 22 क्रेडिट आणि त्यात मेजरला सहा. बाकी जागा ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचे ऐच्छिक विषय), कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली आणि सह-अभ्यासक्रम यांत वाटलेली. स्वायत्त महाविद्यालयांनी 2023-24 पासून हे सुरूही केलं.

आक्षेप लगेच आले. बारावीचा निकाल हातात घेऊन उभ्या असलेल्या, आणि मनातून अजून सीईटीच्या फेरीकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला ‘मेजर काय?’ असं विचारणं फार लवकर होतं. केमिस्ट्रीच्या विभागांना तशी धास्ती कमी होती, कारण औषधकंपन्यांमुळे या विषयाकडे मुलं येतातच. धास्ती होती ती ज्यांच्याकडे मुलं ‘सोबतीचा विषय’ म्हणून येत त्या विभागांना. मुलं नाहीत तर वर्कलोड (शिक्षकांच्या तासांचा भार) नाही, वर्कलोड नाही तर पद नाही. विरोध केवळ शैक्षणिक होता असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल, पण त्यामुळे तो चुकीचा ठरत नाही.

मार्च 2024 च्या सुधारित आराखड्यात मधला मार्ग निघाला. पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनानं, प्रत्येकी चार क्रेडिट. त्यातला मेजर आणि मायनर (दुय्यम विषय) दुसऱ्या वर्षी ठरवायचा, तिसरा विषय सोडायचा. संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून अंमल सुरू झाला, पण सगळ्या विद्यापीठांनी एकच मार्ग धरलेला नाही.

जिथं तीन विषयांचा साचा आला, तिथं केमिस्ट्रीला सत्रामागे साधारण दोन क्रेडिट थिअरी आणि दोन प्रॅक्टिकल मिळाली. थिअरीचं क्रेडिट 15 तासांचं आणि प्रॅक्टिकलचं 30 तासांचं असतं. म्हणजे आठवड्याला दोन लेक्चर आणि चार तासांचं एक प्रॅक्टिकल. सत्रभराच्या 30 तासांत फिजिकल, इनऑरगॅनिक आणि ऑरगॅनिक तिन्ही बसवायचं. जिथं आधी सत्राला थिअरीचे दोन पेपर होते, तिथं एकच उरला. साहजिकच कात्री लागली, आणि कुठं लावायची यावर अभ्यासमंडळांत एकमत नाही. बारावीत झालेलं गाळावं, असं एक मत. पण बारावीत ते ‘झालं’ म्हणजे बहुपर्यायी प्रश्नापुरतं झालं, असं शिकवणाऱ्यांचं उत्तर. हे दुसरं उत्तर मला अधिक पटतं. पहिल्या क्रमाच्या अभिक्रियेचं सूत्र बहुतेकांना पाठ असतं, ते इंटिग्रेशननं काढून दाखवा म्हटलं की वर्ग शांत होतो.

आणि तिथंच तिसऱ्या विषयाचा प्रश्न येतो. बायोलॉजीच्या गटातून आलेल्या मुलानं गणित बारावीआधीच सोडलेलं असतं. गणित गटातला मुलगाही केमिस्ट्री मेजर आणि फिजिक्स मायनर घेऊन ते एफवायनंतर सोडू शकतो. दुसऱ्या वर्षी थर्मोडायनॅमिक्समध्ये पार्शल डेरिव्हेटिव्ह लागतात, तेव्हा ते शिकवायचे केमिस्ट्रीच्याच तासात. काही अभ्यासक्रमांत एफवायलाच लॉग, डेरिव्हेटिव्ह आणि आलेखांचं छोटं प्रकरण पूर्वीपासून आहे. 30 तासांच्या कात्रीत सगळ्यात आधी तेच सापडतं. या साच्यातली पहिली तुकडी 2027 मध्ये तिसरं वर्ष संपवेल. चौथं ऑनर्सचं वर्ष घ्यायचं की नाही, हे तिला तेव्हाच ठरवावं लागेल.