कार्यालयीन संज्ञापन : माध्यमाची निवड

कामाच्या ठिकाणी एखादी गोष्ट ई-मेलने कळवावी की भेटीत अथवा दूरध्वनीवर बोलून सांगावी, हा माध्यमनिवडीचा प्रश्न व्यवस्थापनशास्त्रात अभ्यासला जातो. ई-मेलचा आरंभ १९६५ च्या सुमारास एकाच संगणकाच्या वापरकर्त्यांसाठी झालेल्या निरोपसुविधेपासून धरावा की रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवलेल्या संदेशापासून, याविषयी एकवाक्यता नाही. कार्यालयांतील त्याचा सार्वत्रिक प्रसार मात्र स्थूलमानाने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला मानता येईल.

या विषयाच्या विवेचनात रिचर्ड डाफ्ट व रॉबर्ट लेंगेल यांचा माध्यमसमृद्धी सिद्धांत (१९८४, १९८६) आधारभूत धरला जातो. तात्काळ प्रतिसादाची सोय, स्वर व हावभाव यांसारखे संकेत, भाषेचे वैविध्य आणि व्यक्तिगत रोख या कसोट्यांवर त्यांनी माध्यमांची उतरंड लावली. तीत समोरासमोरची भेट सर्वांत वर, त्याखाली दूरध्वनी, मग व्यक्तीला उद्देशून केलेले लेखन आणि तळाशी आकडेवारीचे तक्ते येतात. ई-मेलला पुढे दूरध्वनी व पत्र यांच्या दरम्यान जागा मिळाली. केवळ माहितीची उणीव असेल तर लेखन पुरते, पण एकाच गोष्टीचे अनेक अर्थ निघत असतील तर बोलणे हवे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

लिन मार्कस यांना १९९४ मधील अभ्यासात असे आढळले की, ज्या कामांसाठी हा सिद्धांत ई-मेल अपुरा ठरवतो, त्यांसाठीही व्यवस्थापक तो सर्रास वापरतात. माध्यमाच्या गुणांइतकीच संस्थेतील वहिवाट येथे निर्णायक ठरते. ॲलन डेनिस, रॉबर्ट फुलर व जोसेफ व्हॅलासिच यांनी २००८ मध्ये माहिती पोचवणे आणि तिच्या अर्थाविषयी एकमत होणे या क्रिया वेगळ्या काढल्या. पहिलीला सवडीने वाचू देणारे माध्यम मानवते, दुसरीला दोघांना एकाच वेळी गुंतवणारे. हे विवेचन व्यवहाराशी अधिक जुळते: अंदाजपत्रकाचा मसुदा ई-मेलने जातो, त्यावरची घासाघीस बैठकीत होते आणि ‘आताच झालेल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात असलेला ई-मेल नोंदीसाठी पुन्हा धाडला जातो.

लेखनात स्वर हरवतो. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवल्याप्रमाणे, आपला उपरोध वाचणाऱ्याला जितका कळेल असे लिहिणाऱ्याला वाटते, तितका तो कळत नाही. ‘हे एकदा पुन्हा पाहाल का?’ ही विनंती आहे की ठपका, हे ऐकणाऱ्याला सहसा उमगते. वाचणाऱ्याला ते ताडावे लागते.

ई-मेल मागाहून पुरावा म्हणून पुढे करता येतो, आणि नेमक्या याच कारणास्तव काही गोष्टी हेतुतः तोंडीच ठेवल्या जातात. तात्काळ संदेशसेवा व दृक्‌श्राव्य बैठका मूळ उतरंडीत नाहीत.