मिठागराची प्रतिकृती की मिठागराचा प्रयोग?

विज्ञान प्रदर्शनाची तारीख लागली की चौथी ते सातवीतल्या मुलांच्या घरात थर्माकोल, निळा रंग आणि डिंक यांची जमवाजमव सुरू होते. त्यातून जे उभं राहतं ते बहुतेक वेळा प्रतिकृती असतं आणि वर पाटी लागते ‘प्रयोग’ म्हणून. पालकही दोन्हींत फरक करत नाहीत. मुलाच्या दृष्टीने मात्र तो फार मोठा आहे.

प्रतिकृती म्हणजे आधीच ठाऊक असलेली गोष्ट समजावून सांगणं. प्रयोगात उत्तर आधी हाती नसतं, ते निसर्गाकडून काढून घ्यायचं असतं. मिठागराचंच घ्या. थर्माकोलवर चौकोनी वाफे, त्यांत निळं पाणी, कोपऱ्यात मिठाची रास: ही झाली प्रतिकृती. आता दुसरं मूल पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरून बाटलीभर समुद्राचं पाणी आणतं. शंभर मिलिलीटर पसरट ताटलीत, तेवढंच उभ्या पेल्यात ओततं, दोन्ही एकाच उन्हात ठेवतं आणि रोज संध्याकाळी पाणी किती उरलं ते वहीत लिहितं. ताटली कितीतरी आधी वाळते, कारण वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून होते आणि पसरट भांड्यात तो मोठा असतो. आगराचे वाफे उथळ का असतात, ते मग त्याला सांगावं लागत नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ताटलीत साडेतीन ग्रॅमच्या आसपास उरायला हवेत. पाणी नदीच्या मुखाजवळून भरलं तर कमी उरतील. हा प्रयोग पावसाळ्यात करू नका. हवा इतकी दमट असते की पाणी हटता हटत नाही. आपली मिठागरंसुद्धा कोरड्या महिन्यांतच चालतात.

खरा घोटाळा होतो तो फेस, धूर आणि रंग दिसले की. बेकिंग सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी दर वर्षी असतोच. त्यात खरीखुरी रासायनिक क्रिया होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो, तरीही तो प्रयोग ठरत नाही, कारण काय होणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. शिवाय खऱ्या ज्वालामुखीत आम्ल आणि सोडा नसतो. तिथे शिलारसात विरघळलेले वायू दाब कमी झाल्यावर सुटतात. मुलाने एवढं सांगितलं तर ती प्रतिकृती प्रामाणिक होते. कोकमाच्या आगळात खायचा सोडा टाकून लाल रंग बदलून दाखवणं हेही प्रात्यक्षिकच. कोकम, जास्वंद आणि गोकर्ण यांपैकी सर्वांत कमी सोड्याला कोण रंग बदलतं, असं विचारलं की मात्र त्याचा प्रयोग होतो.

प्रतिकृतीला कमी लेखू नये. खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली गोव्यातली शेतजमीन. तिच्या बांधावरचं मानस, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारं दार, बनवून बघा. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने फळी आपोआप मिटते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. प्लास्टिकच्या खोक्यात बिजागरीची फळी बसवून हे चालतं करून दाखवणाऱ्या मुलाला माझ्याकडून पैकीच्या पैकी. परीक्षक त्याला विचारतील, ‘हे कसं चालतं?’ प्रयोग करणाऱ्याला विचारतील, ‘तुला हे कशावरून कळलं?’ तयारी त्याप्रमाणे करून घ्यावी.

‘कशावरून’ हा प्रश्न कोरगुट भातावर छान तपासता येतो. खाजनातलं हे पारंपरिक बियाणं खारटपणा सोसतं, हे गावात सगळेच सांगतात. मग ज्योती ही भाताची सुधारित जात आणि कोरगुट, दोन्हींचे वीस-वीस दाणे ओल्या फडक्यावर ठेवा. लिटरभर पाण्यात दोन सपाट चमचे मीठ घालून तेच पाणी दोन्हींना द्या. पण याच्या जोडीला दोन्ही जातींच्या आणखी दोन ताटल्या साध्या पाण्यात हव्यातच. नाहीतर ज्योती रुजली नाही तर दोष मिठाचा की जुन्या बियाण्याचा, हे कळणार कसं? मुलं घाईत नेमकी हीच ताटली वगळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. ताटल्यांवर झाकणही ठेवा, कारण पाणी उडालं की उरलेलं अधिक खारट होतं.

कदाचित दोन्ही भातं सारखीच रुजतील. रुजताना खारटपणा सोसणं आणि शेतात उभं राहून सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसं झालं तर आकडे बदलायला मुलाला सांगू नका. तक्त्यावर जे दिसलं तेच लिहू द्या आणि खाली पुढचा प्रश्नही: रोप चार बोटं वाढल्यावर खारं पाणी दिलं तर?