स्कॅनर किती किलोमीटरचा घ्यावा? मुळात हा प्रश्नच चुकतोय

हँडहेल्ड रेडिओ स्कॅनर, म्हणजे विमानं, जहाजं, वॉकीटॉकी असलं रेडिओवरचं बोलणं शोधून ऐकवणारा हातातला सेट, घ्यायचं डोक्यात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, रेंज किती? म्हणजे किती किलोमीटरवरचं ऐकू येईल. मला हे इतक्या वेळा विचारलं गेलंय की शेवटी सविस्तर लिहायला बसलो. रिसीव्हरला स्वतःची अशी रेंज नसतेच. समोरचा किती वॅटने पाठवतोय, त्याचा अँटेना किती उंचीवर आहे, मधे डोंगर आहे की मोकळं पाणी, यावर सगळं ठरतं. दहा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाचा पायलट दोनशे किलोमीटरवरून स्वच्छ ऐकू येतो आणि शेजारच्या इमारतीच्या तळघरात कोणी वॉकीटॉकीवर बोलत असेल तर त्याच स्कॅनरला पत्ताही लागत नाही, असं होऊ शकतं.

त्यातही सध्या लोक ज्या फीचरसाठी स्कॅनर घेतात ते तर लांबचं ऐकण्याच्या बरोबर उलट आहे. ते म्हणजे जवळचं ट्रान्समिशन आपोआप पकडणं. युनिडेन त्याला क्लोज कॉल म्हणते, रेडिओशॅकच्या जुन्या सेटवर सिग्नल स्टॉकर असं नाव असायचं, व्हिसलरच्या सेटवर स्पेक्ट्रम स्वीपर. आतली सर्किटं अगदी एकसारखी नसतात पण काम तेच, फ्रिक्वेन्सी आपल्याला माहीत नसताना आसपास कोणी बोललं तर ती शोधून स्क्रीनवर दाखवायची आणि लगेच ऐकवायची.

साधा सर्च करून, म्हणजे एकेक फ्रिक्वेन्सी ओळीने तपासत जाऊन, हे का जमत नाही ते आधी बघू. आपले जवळपास सगळे रेडिओ एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ साली शोधलेल्या सुपरहेटरोडाइन पद्धतीवर किंवा तिच्या वंशजांवर चालतात. अशा रेडिओचा कान अतिशय तेज असतो, मायक्रोव्होल्टच्या काही दशांश एवढा सिग्नलही त्याला पुरतो, पण तो एका वेळी एकाच बारीक फटीतून ऐकतो. ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा घ्या, १२.५ किलोहर्ट्झच्या पायरीने त्यात ५६०० पायऱ्या होतात, सेकंदाला १०० पायऱ्या तपासल्या तरी एका फेरीला ५६ सेकंद लागतात आणि वॉकीटॉकीवरचा माणूस “हो, पोचलो” एवढं बोलून दोन सेकंदांत बटण सोडतो. म्हणजे तो सापडायची शक्यता अठ्ठावीसात एक. आणि हा एकच पट्टा झाला, असे चार-पाच असतात.

मग उपाय काय, तर फट काढूनच टाकायची! सगळा पट्टा एकदम आत घ्यायचा आणि जे काही जोरात येतंय त्याच्या लाटा सरळ मोजायच्या. एका अर्थाने हे रेडिओच्या बालपणात परत जाणं आहे. एदुआर ब्रान्ली या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९० मधे काचेच्या नळीत धातूचा कीस भरून जो कोहिरर बनवला त्याला ट्यूनिंग नव्हतंच, कुठलीही दणकट रेडिओ लहर आली की किसाचा रोध एकदम उतरायचा आणि वीज वाहायला लागायची. १८९५ मधे पोपोवने त्याच तत्त्वावर लांबच्या विजांची चाहूल घेणारं यंत्र केलं. कोहिरर फक्त “काहीतरी आलं” एवढंच सांगायचा, आत्ताची सर्किटं “किती मेगाहर्ट्झवर आलं” हेही सांगतात, एवढा फरक.

मोजणीची ही पद्धत फ्रिक्वेन्सी काउंटरमधून, म्हणजे लाटा मोजून फ्रिक्वेन्सी सांगणाऱ्या यंत्रातून, आलेली आहे. समजा कोणीतरी १५५ मेगाहर्ट्झवर बोलतोय. सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी गेट, म्हणजे मोजणीचं दार, उघडला तर त्यातून १५,५०,००० लाटा जातात, मोजणीत एका लाटेची चूक झाली तरी फ्रिक्वेन्सी फक्त १०० हर्ट्झने चुकते. चॅनल एकमेकांपासून १२.५ किलोहर्ट्झवर आहेत, त्यामुळे एवढी चूक काहीच नाही, सर्वात जवळचं चॅनल धरायचं आणि रिसीव्हर तिथे ट्यून करायचा. प्रत्यक्षात इतक्या वेगाने मोजणं अवघड म्हणून आधी लाटांना ६४ वगैरेने भागणारं सर्किट लावतात, मग तेवढ्याच वेळात चूक साडेसहा किलोहर्ट्झच्या जवळ जाते, म्हणून गेट दसपट वेळ उघडा ठेवायचा. तरीही सेकंदाचा दहावा भागच झाला. ५६ सेकंदांच्या समोर हे ठेवून बघा.

आता खरा प्रश्न. अँटेनावर एकाच वेळी शेकडो सिग्नल येत असतात, एफएम स्टेशनं, टीव्ही, मोबाइल टॉवर, विमानं. सगळ्यांची बेरीज होऊन एकच वेडीवाकडी लाट तयार होते, मग मोजणी कोणाची होते? खिचडी होऊन भलताच आकडा का येत नाही? याचं उत्तर मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी अर्धा तास कागदावर वर्तुळं काढत बसलो होतो, म्हणून इथे थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

असं समजा की एक माणूस झाडापासून दहा पावलांवर राहून झाडाभोवती गोल फिरतोय आणि त्याच्या हातात कुत्र्याची तीन पावलं लांबीची साखळी आहे. कुत्रं माणसाभोवती हवं तसं फिरू दे, उलटं, सुलटं, कितीही जोरात. माणूस आणि कुत्रं दोघंही मूळ जागी आले की झाडाभोवती माणसाच्या जितक्या फेऱ्या झाल्या बरोबर तितक्याच कुत्र्याच्याही झालेल्या असतात, एक कमी नाही की एक जास्त नाही, कारण साखळी झाडापर्यंत पोचतच नाही त्यामुळे कुत्र्याला स्वतःच्या हिमतीवर झाडाला वेढा घालताच येत नाही. माणूस म्हणजे जवळचा जोरदार सिग्नल, त्याचं झाडापासूनचं अंतर म्हणजे त्या सिग्नलची ताकद, त्याची एक फेरी म्हणजे एक लाट. साखळी म्हणजे लांबचा अशक्त सिग्नल. आणि कुत्र्याची जागा म्हणजे अँटेनावर आलेली बेरीज. अशक्त सिग्नल अनेक असले तर त्या कुत्र्याला बांधलेलं दुसरं कुत्रं, त्याला तिसरं, सगळ्या साखळ्या मिळून दहा पावलांपेक्षा कमी भरल्या तर शेवटच्या कुत्र्याच्याही फेऱ्या माणसाएवढ्याच. म्हणजे जोरदार सिग्नल नुसता वरचढ ठरत नाही, फेऱ्यांच्या हिशोबात तो बाकीच्यांना पूर्ण पुसून टाकतो! गणितात टोपॉलॉजी शिकवताना हेच कुत्र्याचं उदाहरण देतात आणि तेच तत्त्व आपल्या हातातल्या डबीत काम करतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

फक्त एक मेख आहे. काउंटर झाडाभोवतीच्या फेऱ्या मोजत नाही, तो एका रेषेवर उभा राहून कुत्र्याने रेषा कितीदा ओलांडली ते मोजतो, आणि कुत्रं फारच चपळ असेल तर माणूस एकदा रेषा ओलांडेपर्यंत ते चार वेळा पुढेमागे करून घेतं. त्यामुळे नुसती ताकद बघून चालत नाही, ताकद गुणिले फ्रिक्वेन्सी बघावी लागते. तुमचा जवळचा वॉकीटॉकी ३० मेगाहर्ट्झवर असेल आणि मोबाइलचा टॉवर ९०० मेगाहर्ट्झवर, तर टॉवरची फ्रिक्वेन्सी तीसपट, म्हणजे त्याच्या सिग्नलची साखळी माणसाच्या अंतराच्या तिसाव्या भागाहून थोडी लांब असली तरी मोजणी बिघडू शकते. म्हणून चांगल्या सेटमधे मोजणीच्या आधी पट्ट्याचे फिल्टर असतात. खरेदीचा पहिला मुद्दा इथूनच निघतो, क्लोज कॉलसारखं फीचर प्रत्येक बँडसाठी वेगळं चालू-बंद करता येतं का ते आधी बघा. सगळे बँड एकदम चालू ठेवून कंटाळलेले आणि “हे फीचर बेकार आहे” म्हणणारे लोक मी बरेच पाहिलेत.

“जवळ” म्हणजे किती जवळ, तेही हिशोबाने बघू. अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई होते. ५ वॅटचा वॉकीटॉकी १०० मीटरवर आणि ५० किलोवॅटचं एफएम स्टेशन १० किलोमीटरवर असेल तर, अँटेनाचा गेन आणि अडथळे सोडून, दोन्हींची शक्ती तुमच्यापाशी अगदी सारखी भरते. म्हणजे साखळी झाडापर्यंत पोचली, सगळा खेळ खलास. तोच वॉकीटॉकी २० मीटरवर आला की शक्ती पंचवीसपट, आणि लाटेची उंची पाचपट, मग तो आरामात जिंकतो. म्हणून याला ठरावीक मीटरची रेंज सांगता येत नाही, मोकळ्या जागेत जो सेट बऱ्याच लांबचं पकडतो तोच सेट एखाद्या ट्रान्समीटर टॉवरच्या पायथ्याशी दोन खोल्यांपलीकडचंही पकडत नाही. या सर्किटला मिलिव्होल्टच्या घरातला सिग्नल लागतो, म्हणजे मुख्य रिसीव्हरच्या मानाने ते हजारो पटीने बहिरं आहे आणि ते तसंच हवं, तो बहिरेपणाच लांबचं सगळं गाळून टाकतो.

जाहिरातींमधे याला सर्रास नियर फील्ड म्हणतात, ते चूक आहे. भौतिकशास्त्रातलं नियर फील्ड तरंगलांबीच्या साधारण सहाव्या भागापर्यंत, १५० मेगाहर्ट्झला म्हणजे जेमतेम ३२ सेंटीमीटर. आपण बोलतोय ती सगळी अंतरं त्याच्या कितीतरी पलीकडची आहेत.

यात काय सापडत नाही तेही स्पष्ट लिहितो कारण इथेच लोक फसतात. ब्लूटूथ ७९ चॅनलवर सेकंदाला १६०० उड्या मारतं, एका ठिकाणी मोजण्याइतकं थांबतच नाही, शिवाय बहुतेक हँडहेल्ड स्कॅनर २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोचतही नाहीत. आत्ताचे मोबाइल सिग्नल रुंद पट्ट्यात पसरलेले असतात, त्यात मोजायला एक अशी लाटच नसते. “घरातला छुपा माइक शोधा” म्हणून विकल्या जाणाऱ्या लुकलुकत्या दिव्यांच्या डब्या तर आसपास काहीतरी रेडिओ ऊर्जा आहे एवढंच सांगतात, तुमच्याच खिशातल्या फोननेही पेटतात, आणि मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारा माइक काहीच पाठवत नाही तर तो कशानेच सापडणार नाही.

भुतांशी बोलायचं म्हणून विकला जाणारा स्पिरिट बॉक्सही याच कुटुंबातला. तो साधा एएम-एफएम रेडिओ असतो, फक्त सिग्नल मिळाला तरी न थांबता स्टेशनांवरून सरकत राहतो, त्यामुळे निवेदकाचं अर्धं अक्षर, गाण्याचा तुकडा, जाहिरातीतला “हो” असं कानावर पडत राहतं आणि मेंदू त्यातून शब्द जुळवतो. घरातलं माणूस गेल्यावर कोणी अशी डबी घेऊन बसतं तेव्हा फार वाईट वाटतं, त्या दुःखाचा बाजार करणाऱ्यांना माफी नाही.

बाकी निवडीचं भराभर सांगतो. सगळ्यात आधी तुम्हाला काय ऐकायचंय ते ठरवा. विमानं, हॅम (हौशी रेडिओवाले), जहाजं, साधे वॉकीटॉकी असा अॅनालॉग मामला असेल तर युनिडेनच्या बीसी१२५एटी सारखा साधा सेट पुरतो, त्यात क्लोज कॉल आहे आणि विमानांचा ८.३३ किलोहर्ट्झचा स्टेपही आहे, पण त्याची धाव ५१२ मेगाहर्ट्झपर्यंतच आणि मधे काही पट्टे गाळलेले. पी२५, डीएमआर असलं डिजिटल ऐकायचं असेल तर एसडीएस१०० च्या वर्गातला सेट लागतो. एन्क्रिप्टेड असेल तर मात्र कितीही भारी सेट घ्या, फ्रिक्वेन्सी कळेल, बोलणं कळणार नाही. आणि ऐकण्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, काही ठिकाणी स्कॅनर जवळ बाळगायलाही लायसन लागतं, ते आधी बघा.

क्लोज कॉलच्या तपासणीचे मोड दोन प्रकारचे असतात. एकात सेट दर दोनएक सेकंदांनी ऐकणं थांबवून आसपास कोणी आहे का बघतो, त्यामुळे चालू बोलण्यात सारखे खंड पडतात, दुसऱ्यात शांतता असेल तेव्हाच बघतो. दोन्ही हवेत. अॅटेन्युएटर, म्हणजे आलेला सिग्नल क्षीण करणारी सोय, हवाच, २० डीबीचा म्हणजे शक्ती शंभरावा भाग. इमेजचा, म्हणजे एखादं स्टेशन भलत्याच फ्रिक्वेन्सीवर ऐकू येण्याचा, त्रासही ओळखायला शिका. १०.७ मेगाहर्ट्झचा आयएफ (सेट आलेला सिग्नल आत ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) असलेल्या सेटवर १०० मेगाहर्ट्झचं एफएम स्टेशन आयएफच्या दुपटीने सरकून १२१.४ वर, म्हणजे थेट विमानांच्या बँडमधे गाणी वाजवू शकतं. अशा वेळी सेट बिघडला म्हणून परत करू नका, एफएम अडवणारा फिल्टर लावा.

अँटेनाबाबत लोक उलटं करतात. १५० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ५० सेंटीमीटर, म्हणून लांब अँटेना लावतात, ऐकण्यासाठी ते योग्यच आहे, पण जवळचं पकडताना लांबच्या दणकट स्टेशनांनाही तो तितकाच मदत करतो. गर्दीच्या शहरी भागात मी आखूड अँटेना लावतो आणि पकड सुधारते.

अजून एक, हातातला वॉकीटॉकी रिपीटरवर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच दुसरीवर जोरात पाठवणारं उंचावरचं केंद्र) बोलत असेल तर स्कॅनर त्याची पाठवायची फ्रिक्वेन्सी पकडतो, रिपीटरची नाही. मग एकाच बाजूचं बोलणं ऐकू येतं आणि वाटतं समोरचा गप्प आहे. रिपीटरची फ्रिक्वेन्सी ठरावीक अंतरावर असते, हॅमच्या दोन मीटर बँडवर बऱ्याच देशांत ६०० किलोहर्ट्झ, तेवढं वर-खाली करून बघा, दुसरी बाजू सापडते.

नवा सेट चालू केल्यावर पहिले एकदोन दिवस नको त्याच गोष्टी सापडतील, जवळचं एफएम, पेजरचा ट्रान्समीटर, ४३३.९२ वरचे गाडी-गेटचे रिमोट, एखाद्या स्वस्त चार्जरचा गोंगाट. प्रत्येक नको असलेली फ्रिक्वेन्सी लॉकआउट करत जा, म्हणजे सेट पुढे ती वगळेल, वहीत नोंदही ठेवा. ओळखीचा नसलेला आकडा दिसला की सेट छातीशी धरून जागेवर हळूहळू गोल फिरा. ज्या दिशेला तोंड असताना सिग्नल सगळ्यात क्षीण होतो, पाठवणारा साधारण तुमच्या पाठीमागे असतो, कारण मधे तुमचं शरीर आडवं येतं.