‘वॉरंट दाखवा’ म्हणण्याआधी

ठाण्यात वर्तकनगरच्या एखाद्या सोसायटीत पोलीस जिना चढून आले, की पहिला प्रश्न ठरलेला: ‘वॉरंट आहे का?’ हा प्रश्न आपल्याला हिंदी सिनेमानं शिकवला. कायदा तपास अधिकाऱ्याला वॉरंटशिवायही घरझडती घेऊ देतो, आणि ही मुभा इंग्रजांच्या काळापासूनची आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम १६५ मध्ये होती. १९७३ मध्ये नवी संहिता आली, तरी कलमाचा आकडा तोच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १८५ झालं.

अट अशी, की तपासाला हवी असलेली वस्तू तिथे सापडेल आणि दुसऱ्या मार्गानं ती वेळेत हाती लागणार नाही, असं का वाटतं हे अधिकाऱ्यानं आधी लिहून ठेवायचं. या नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्याकडे जाते, आता ४८ तासांच्या आत. घरमालकानं अर्ज केला, तर त्यालाही ती फुकट मिळते. हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पंच म्हणून बोलावलं, की शेजाऱ्यांची दारं लागतात हे मात्र सर्वांना ठाऊक! नव्या कायद्यात झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे, मोबाइलवर केलं तरी चालतं.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी झडतीविरुद्ध खासगीपणाचा हक्क मानला नव्हता. २०१७ मध्ये नऊ जणांच्या पीठानं ते मत पुसलं.

जप्तीची गोष्ट वेगळी. जुनं कलम ५५० पुढे १०२ झालं, आता १०६ आहे. चोरीची किंवा गुन्ह्यातली वाटणारी ‘कोणतीही मालमत्ता’ पोलीस ताब्यात घेऊ शकतात, मात्र दंडाधिकाऱ्याला लगेच कळवावं लागतं. पण मालमत्ता म्हणजे काय? या प्रश्नावरचे दोन्ही मोठे निकाल महाराष्ट्रातल्या खटल्यांतले. बँक खातं मालमत्ता नाही, असं मुंबई उच्च न्यायालय म्हणालं होतं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. आज सायबर फसवणुकीच्या तक्रारीवरून वाशीतल्या दुकानदाराचं खातं गोठतं, त्याची मुळं या निकालात आहेत. २०१९ मध्ये मात्र त्याच न्यायालयानं स्थावर मालमत्ता या कलमातून वगळली. त्यामुळे घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये वॉरंटशिवाय झडती होऊ शकते, आतलं कपाट, लॅपटॉप, रोकड जप्त होऊ शकते. फ्लॅट मात्र नाही. तो गुन्ह्याच्या पैशातला असेल, तर पोलिसांना पोलीस आयुक्तांची मंजुरी घेऊन कलम १०७ खाली न्यायालयात अर्ज करावा लागतो.